पहिल्या शिटीपूर्वी

मे महिना सरत आला, की आमच्या पेडणे भागात घरोघरी पुरुमेंताची घाई उडते. सुकी मासळी, मिरच्या, सोले, तांदूळ, जळाऊ लाकडे अशी पावसाळ्याची बेगमी करण्यात थोरामोठ्यांचे हात गुंतलेले असतात. अशा दिवसांत मी शाळेच्या क्रीडासाहित्याच्या खोलीची किल्ली घेऊन निघालो, म्हणजे वाटेत कोणीतरी हटकतोच, “काय मास्तर, शाळा अजून उघडायची आहे, तुमची कसली तयारी? चेंडू टाकला की तुमचे काम झाले!” मी हसतो आणि पुढे जातो.

वाचकहो, मी शारीरिक शिक्षणाचा शिक्षक आहे. प्रथम डिचोली तालुक्यात व नंतर पेडण्यात मिळून वीसाहून अधिक वर्षे माझ्या गळ्यात शिटी आहे. त्या प्रश्नाचे उत्तर आज द्यावे असे मनात आले. कारण त्या उत्तरात माझी एक चूक दडलेली आहे, आणि तिचा संबंध तुमच्या मुलांशी आहे.

खोलीचे दार उघडले, की प्रथम उंदीर व वाळवी यांनी सुटीत काय उद्योग केला तो दिसतो. जाळी पसरून भोके शिवायची, फुटबॉलमध्ये हवा भरून रात्रभर ठेवायची व सकाळी कोणता बसला ते पाहायचे. खोखोचे खांब हाताने चाचपायचे. कुसळ राहिले तर मुलाचा तळहात फाटतो. खांब जमिनीवर सव्वाशे सेंटिमीटरच्या आत आणि नीट रोवलेला हवा. फुटबॉलचे लोखंडी गोल जमिनीत पक्के गाडले आहेत की नाहीत, हे तर दोनदा पाहावे लागते. सैल गोलाला मुले लोंबकळतात, तो अंगावर कोसळतो, आणि अशा अपघातांत जगात अनेक ठिकाणी मुले दगावली आहेत. मग मैदान. आमची जमीन जांभ्या दगडाची. उन्हाळ्यात तिचे खडे गुडघे सोलतात आणि पावसात तिच्यावर शेवाळे धरते. खडे वेचायचे, पाण्याला वाट काढून द्यायची, आणि उघडीप मिळेल तेव्हा फक्की मारायची.

त्यानंतर येते तालुक्यातील आम्हा शिक्षकांची बैठक. वर्षभराच्या स्पर्धांचे वेळापत्रक तेथे हाती पडते. 1960 साली सुरू झालेल्या सुब्रतो मुखर्जी फुटबॉल चषकाचे सामने तर भर पावसात, शाळा उघडून थोडे दिवस होतात न होतात तोच येतात. तालुका, जिल्हा, राज्य अशा पायऱ्या चढत जायचे असते. साहजिकच, बैठकीतून उठतानाच प्रत्येकाच्या डोक्यात आपला संघ तयार होऊ लागतो. 2023 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गोव्यात 37 वे राष्ट्रीय क्रीडा महोत्सव भरले, तेव्हापासून तर पालकही पदकांची भाषा बोलू लागले आहेत.

पहिली काही वर्षे माझीही तयारी एवढीच होती. चांगली अकरा मुले हेरायची. बाकीची आपोआप खेळतील, असा माझा समज.

त्या काळी मी डिचोली तालुक्यात होतो. आठवीत एक मुलगा होता. अभ्यासात बरा, स्वभावाने अबोल. खेळाच्या तासाला तो नेहमी पायरीवर बसे. विचारले तर मान खाली घाली. मी मनाशी निकाल देऊन टाकला, की हा आळशी आहे. एके दिवशी सर्वांसमोर त्याला म्हणालो, “ऊठ, मैदानाला दोन फेऱ्या मार.” तो एका शब्दाने तक्रार न करता धावला. दिवस कोरडे होते, धूळ उडत होती. दुसऱ्या फेरीत तो खाली बसला. त्याच्या छातीतून शिटीसारखा आवाज येत होता व ओठ काळेनिळे पडले होते. एका सहकाऱ्याच्या मोटारीतून त्याला दवाखान्यात नेले. परमेश्वराच्या कृपेने तो बचावला.

दुसऱ्या दिवशी त्याची आई शाळेत आली. ती रागावली असती, तर मला सोसवले असते. ती एवढेच म्हणाली, “मास्तर, त्याला लहानपणापासून दमा आहे. तुम्ही विचारले असते, तर मी सांगितले असते.”

मी विचारले नव्हते. मुलाने सांगितले नव्हते, कारण वर्ग हसेल याची त्याला भीती होती. तो बरा होऊन परत आला, पण दहावी होईपर्यंत मैदानावर मात्र पुन्हा आला नाही. पुढे कळले, की डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध चालू ठेवून, हळूहळू अंग तापवून, पंप जवळ बाळगून दम्याची मुले उत्तम खेळू शकतात. ऑलिंपिकमध्ये उतरणाऱ्या खेळाडूंतही दमेकरी असतात. म्हणजे त्या मुलासाठी मैदानाचे दार उघडे होते. ते मी लावले.

तेव्हापासून चेंडूत हवा भरण्याआधी मी एक वही उघडतो. प्रत्येक मुलाच्या नावापुढे पालकांकडून माहिती घेतो: दमा, आकडी, हृदयाचा काही दोष, मोडलेले हाड, चालू असलेले औषध, धावताना कधी आलेली चक्कर. कागद घरी पाठवला तर बहुतेक “काही नाही” असे लिहून परत येतो. मुलींच्या बाबतीत तर विशेषच. उद्या लग्नाच्या वेळी बोभाटा होईल, अशी भीती. म्हणून मी शक्य तेथे स्वतः जातो. एका घरी आजीने मला चहा दिला, बराच वेळ इकडचे तिकडचे बोलली, आणि मी उठताना दाराशी येऊन हळूच म्हणाली, “मास्तर, नातीला लहानपणी दोनदा आकडी आली होती. सूनबाईला सांगू नका मी बोलले म्हणून.” ही माहिती मुख्याध्यापक व मी यांच्यापलीकडे जात नाही, असे मी तिला सांगितले. ती मुलगी सर्व खेळ खेळते. फक्त तळ्यात वा नदीत एकटी उतरायचे नाही, एवढा नियम तिला व मला ठाऊक आहे.

आता या तयारीत आणखी एक भर पडली आहे. 2025 साली गोव्यात सहावी ते दहावीचे वर्ग जूनची वाट न पाहता एप्रिलमध्येच भरले. उन्हाला सरावण्यास शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. म्हणून एप्रिलच्या पहिल्या दिवसांत खेळ सकाळी लवकर, सावलीत व थोडा थोडा, आणि तहान लागण्यापूर्वी पाणी, असा माझा क्रम असतो. मूल गोंधळल्यासारखे बोलू लागले, अंग तापले, तर आधी सावलीत नेऊन पाण्याने अंग थंड करायचे आणि त्याच वेळी डॉक्टरांकडे निरोप धाडायचा.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, की पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना दररोज सरासरी साठ मिनिटे चांगली हालचाल हवी. तिनेच 2019 साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार अकरा ते सतरा वर्षांच्या पाच मुलांपैकी चारांना ती मिळत नव्हती. अकरांचा संघ निवडून ही उणीव कशी भरून निघणार?

माझी तुम्हां आईबापांना विनंती फार मोठी नाही. पुरुमेंताच्या यादीत मुलाच्या पायाला नीट बसणारे बूटही लिहा. खेळ असेल त्या दिवशी त्याला उपाशी पाठवू नका. मुलगी मोठी झाली म्हणून तिला मैदानावरून घरी बोलावू नका. आणि मास्तर विचारायला आले, तर खरे सांगा. ते आले नाहीत, तर तुम्ही शाळेत जा.

गेल्या पावसाळ्यात आमच्या सातवीच्या मुली खोखो खेळत होत्या. त्यांतील एकीने मध्येच हात वर केला, बाजूला आली, दप्तरातून दम्याचा पंप काढून औषध ओढले आणि पायरीवर बसली. कोणीही हसले नाही. श्वास मोकळा झाल्यावर तिने माझ्याकडे पाहिले. मी पुरती विश्रांती घ्यायला लावली, मग तिने विचारले, “सर, आता जाऊ?”

मी म्हणालो, “जा बाय.” ती धावत गेली, आणि मी उगाचच वही उघडून तिच्यात पाहत राहिलो.