साहेबांना भेटून ये

गेल्या महिनाभरात चार जणांनी विचारलं, "जर्मनीत नोकरी कशी मिळते रे?" त्यातले दोघे कॉलेजचे, एक हिंजवडीच्या जुन्या टीममधला, आणि चौथा आमच्या सोसायटीतल्या काकूंचा भाचा, ज्याला मी आयुष्यात पाहिलेलं नाही. प्रत्येकाला तेच ते सांगून कंटाळलो, म्हणून म्हटलं या शनिवारी लिहूनच टाकू. पण लिहायला बसल्यावर लक्षात आलं की नोकरी मिळाल्याची गोष्ट तशी छोटीच आहे. मिळालेली नोकरी गेली त्याची गोष्ट मोठी आहे, आणि ती कुणी विचारत नाही.

तर आधी छोटी गोष्ट.

पुण्यात मी चार वर्षं गाड्यांच्या कंट्रोल युनिटचं सॉफ्टवेअर लिहीत होतो. क्लायंट जर्मन, गाड्याही जर्मन, ट्रॅफिक तेवढं आपलं. बोट क्लब रोडच्या मॅक्स म्युलर भवनात शनिवार-रविवार घालवून बी-१ पर्यंत जर्मन केलं. २०२३ मध्ये साठेक ठिकाणी अर्ज टाकले. उत्तरात 'लायडर' हा शब्द दिसला की पुढचं वाचायची गरज नसते. लायडर म्हणजे 'खेदाची गोष्ट अशी की'. नऊ महिने लायडर वाचल्यावर स्टुटगार्टजवळच्या एका कंपनीने हो म्हटलं. ब्लू कार्डासाठी सहसा डिग्री लागते, तुमचं विद्यापीठ 'अनाबिन' नावाच्या त्यांच्या यादीत असावं लागतं आणि पगार एका आकड्याच्या वर लागतो. २०२४ साली आयटीवाल्यांसाठी तो आकडा होता वर्षाला ४१,०४१ युरो आणि ८० सेंट. हो, ते ८० सेंटसुद्धा सरकारने लिहून ठेवलेत. जर्मनीची ओळख करून घ्यायला एवढं पुरे.

पुण्यातल्या कंपनीने नव्वद दिवसांच्या नोटीस पीरियडचा एकही दिवस माफ केला नाही. जानेवारी २०२४ मध्ये मी स्टुटगार्टला उतरलो. (मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत म्हणे. पुणेकर म्हणून हे जरा लागलं. असो.)

आता हापिसाबद्दल. इथले लोक पाचला उठतात, सुट्टी म्हणजे सुट्टी, ऑटो-रिप्लायमध्ये बिनदिक्कत 'तीन आठवड्यांनी भेटू' लिहितात, हे सगळं तुम्ही ऐकलेलं असेल. दिवसाचं काम संपण्याला त्यांच्याकडे वेगळा शब्दच आहे, 'फायरआबंड'. तो शब्द उच्चारून माणूस उठला की त्याच्या मागे प्रश्न घेऊन जायचं नाही. याची सवय मला आठवड्याभरात झाली. चांगल्या गोष्टींची सवय लवकर होते.

सवय झाली नाही ती दुसऱ्या गोष्टीची. फेब्रुवारीत मला जाम ताप आला. पुण्यात मी आजारी पडलो की टीम लीडचा फोन यायचा, काय झालं, कुठला डॉक्टर, रिपोर्ट काढलेस का. एक मैत्रीण डब्यात खिचडी पाठवायची, कुणीतरी काढ्याची रेसिपी व्हॉट्सॅप करायचं, आणि लीड शेवटी हळूच म्हणायचा, "तेवढा एक बग बघशील का रे, पडल्या पडल्या?" इथे मी मेल टाकला की आज आजारी आहे. उत्तर आलं, 'गूटं बेसरुंग', लवकर बरा हो. बस्स. काय झालंय हे कुणी विचारलं नाही, आणि विचारायचा त्यांना हक्कही नाही. तीन दिवसांच्या वर आजारपण गेलं तर डॉक्टरचा दाखला लागतो. २०२३ पासून कंपनी तो आरोग्य विम्याकडून ऑनलाइन मागवते, आणि त्यावर आजाराचं नावच नसतं. मी चार दिवस त्या खोलीत पडून होतो. माझी प्रायव्हसी शंभर टक्के शाबूत होती, आणि मला कुणीतरी "काय झालं?" असं विचारावं म्हणून मी तडफडत होतो.

जूनच्या मध्यात मॅनेजरने लहान मीटिंग रूममध्ये बोलावलं. शेजारी एचआरची बाई. प्रोजेक्ट क्लायंटने थांबवला होता. इथे प्रोबेशन सहा महिन्यांपर्यंत असू शकतं आणि तेवढ्या काळात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर कुणीही कुणालाही राम राम म्हणू शकतं. कारण द्यावं लागत नाही. माझे साडेपाच महिने झाले होते. टेबलावर पत्र ठेवलं, पेनने केलेल्या सहीचं. नोकरीवरून काढल्याचं कागदावरच द्यावं लागतं, ईमेल कायद्याने चालत नाही. मॅनेजरने उठून हात मिळवला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं, दिसत होतं चेहऱ्यावर. मग घड्याळ बघून तो पुढच्या मीटिंगला गेला.

संध्याकाळी घरी फोन केला. बाबा महावितरणमधून रिटायर झालेत, चौतीस वर्षं एकाच खात्यात. त्यांना आधी कळेचना.

"असं कसं काढतात? साहेबांशी बोललास का?"

"बाबा, साहेबांनीच पत्र दिलं."

"अरे, हापिसात नाही. घरी जाऊन भेटून ये त्यांना. काहीतरी खायचं घेऊन जा. माणूस घरी वेगळा असतो."

"बाबा, मला त्यांचं घर कुठे आहे तेच माहीत नाही."

ते बराच वेळ गप्प होते. मग आईने फोन घेतला आणि म्हणाली, "तुझी खोली तशीच आहे बरं का." तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन मे महिन्यात झालं होतं, माझी बचत बरीचशी तिकडे गेली होती. हे तिला ठाऊक होतं, म्हणूनच ती दुसरं काही बोलली नाही.

आता हिशोब बघा. नोकरी जाणार हे कळल्यापासून तीन दिवसांत रोजगार कार्यालयात नाव नोंदवावं लागतं. नोंदवलं. बेरोजगारी भत्त्यासाठी गेल्या तीस महिन्यांत बारा महिने विमा भरलेला लागतो. माझे झाले होते सहा. म्हणजे भत्ता शून्य. ब्लू कार्ड घेऊन दोन वर्षं झाली नसतील तर बेकार राहायला तीन महिन्यांची मुदत धरतात. म्हणजे ३० सप्टेंबर. घरभाडं महिना ७८० युरो. आणि त्याच जुलैत झेडएफ या मोठ्या सप्लायरने २०२८ अखेरपर्यंत जर्मनीत ११ ते १४ हजार नोकऱ्या कमी करणार असं जाहीर केलं. म्हणजे माझ्या रांगेत आता दहा-वीस वर्षं अनुभवाचे लोक उभे राहणार.

याच सुमारास पोस्टाने माझं 'त्सोइग्निस' आलं. हे प्रकरण सविस्तर सांगतो, कारण त्या चौघांपैकी एकालाही याची कल्पना नव्हती.

त्सोइग्निस म्हणजे अनुभवाचं प्रमाणपत्र. आपल्याकडे दोन ओळींचं असतं, अमुक ते अमुक तारखेपर्यंत काम केलं, शुभेच्छा. इथे ते दोन पानी असतं, मागणं हा तुमचा हक्क असतो, आणि त्यात सगळं गोड गोडच लिहावं लागतं. म्हणजे कायदा सांगतो, मजकूर स्पष्ट हवा, छुपे अर्थ नकोत. कोर्टं सांगतात, सूर सदिच्छेचा हवा, माणसाच्या पुढच्या नोकरीत विनाकारण खोडा घालू नका. मग वाईट माणसाबद्दल लिहायचं कसं? तर शेरे देण्याची एक भाषाच तयार झाली. मी वाचलं, मला जाम आवडलं. 'सोपवलेली कामं त्याने आमच्या पूर्ण समाधानाने केली' असं होतं. अजून काय पाहिजे?

वरच्या मजल्यावर एक आजी राहतात, रिटायर्ड शिक्षिका. आमच्या बिल्डिंगमध्ये जिना झाडायची पाळी असते, 'केरवोख' म्हणतात. पाळी ज्याची त्याच्या दारावर पाटी लटकते. (आणि केर या शब्दाचा अर्थही तिथे झाडण्याशीच संबंधित आहे, हा योगायोग मला फार आवडतो.) ती पाटी द्यायला आजी आल्या, टेबलावर कागद दिसला. परवानगी विचारून त्यांनी वाचला, आणि मला म्हणाल्या, "हे तीन नंबर आहे."

म्हणजे शाळेतल्या ग्रेडसारखं. 'पूर्ण समाधानाने' म्हणजे तिसरा नंबर, ठीकठाक. त्याच्या आधी 'श्टेट्स', म्हणजे 'सदैव', हा शब्द असेल तर दुसरा. आणि 'सदैव पूर्णतम समाधानाने' असेल तर पहिला. पूर्णतम हा शब्द व्याकरणाने चूक आहे, पूर्ण ते पूर्णच, पण पहिला नंबर हवा तर चूकच लिहायची. 'त्याने प्रयत्न केले' असं लिहिलं तर समजायचं की काही जमलं नाही. 'सहकाऱ्यांत मिळून-मिसळून असे' म्हणजे पीत असावा. पुणेरी पाटी निदान तोंडावर अपमान करते हो. इथे कौतुक वाचून घरी जायचं आणि चार दिवसांनी कुणीतरी सांगायचं की तो अपमान होता.

आजींनी विचारलं, "तुम्ही काम कसं केलं होतं?" मी क्लायंटचे दोन मेल दाखवले, एका रिलीजबद्दल चांगलं लिहिलं होतं. त्या म्हणाल्या, मग बदलून मागा. सरासरीपेक्षा चांगला शेरा हवा तर पुरावा कामगाराने द्यायचा, असा सर्वोच्च कामगार न्यायालयाचा २०१४ चा निकाल आहे. पुरावा तर माझ्याकडे होताच. आम्ही दोघांनी बसून पत्र लिहिलं. म्हणजे लिहिलं मी, आणि त्यांनी लाल पेन्सिलीने माझी विशेषणं दुरुस्त केली. दहा दिवसांत नवीन कागद आला. तारीख जुनीच, म्हणजे बदलून घेतलंय हे वाचणाऱ्याला कळू नये. मजकूर तोच, फक्त एक शब्द वाढला होता, 'श्टेट्स'. आणि शेवटी एक वाक्य जास्तीचं होतं, की याच्या जाण्याचा आम्हाला खेद आहे. ते वाक्य मी मागितलं नव्हतं. शेवटचं असं वाक्य मागायचा कायद्याने हक्कही नाही. ते मॅनेजरने आपणहून घातलं होतं. ते मी दोन-तीनदा वाचलं.

पुण्यात असतो तर बहुतेक वाचलो असतो, हे मान्य. साहेबांनी दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये ढकललं असतं किंवा तीन महिने बेंचवर बसवलं असतं. पण त्याच साहेबांनी दोन वर्षं गणपतीची सुट्टी 'तू आपला माणूस आहेस ना' म्हणून रद्द करायला लावली होती. आपला माणूस असण्याचं भाडं असतं, आणि ते किती हे कुठे लिहिलेलं नसतं. इथे सगळं लिहिलेलं आहे, मला काढायचं कसं तेसुद्धा. मला विचाराल तर आज मी लिहिलेलं पसंत करेन. तापात विचाराल तर उत्तर वेगळं येईल.

ऑगस्टमध्ये अर्धी जर्मनी सुट्टीवर असते. एक्केचाळीस अर्ज, सहा इंटरव्ह्यू, बरेच लायडर. हॉस्पिटलची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत मात्र इंटरव्ह्यू घेणाऱ्या बाईंनी फाइलमधून त्सोइग्निस काढलं, दुसऱ्या पानावर त्या ओळीपाशी बोट थांबवलं, मान हलवली, आणि मगच सी प्लस प्लसवर आल्या. १७ सप्टेंबरला ऑफर आली. मुदतीचे तेरा दिवस उरले होते. करारावर सही करून आधी परदेशी नागरिकांच्या कार्यालयात कळवलं, मग घरी फोन केला. बाबा म्हणाले, "बरं झालं." आई रडली.

एक ऑक्टोबरपासून परत सहा महिन्यांचं प्रोबेशन. ३१ मार्च २०२५ ला संपलं. त्या दिवशी कुणी काही बोललं नाही, पत्रही आलं नाही. संपलं म्हणजे संपलं. मी दुसऱ्या दिवशी बेकरीतून केक नेऊन किचनमध्ये ठेवला. इथे वाढदिवस ज्याचा त्यानेच केक आणायचा असतो, म्हणून शेजारच्या डेस्कवाल्याने विचारलं, "वाढदिवस?" म्हटलं, नाही, प्रोबेशन संपलं. तो "आखसो" म्हणाला आणि आणखी एक तुकडा घेऊन जागेवर गेला.

रात्री बाबांना सांगितलं. त्यांचा पहिला प्रश्न, "साहेबांना दिलास ना केक?"

"आमच्या साहेब बाई आहेत, बाबा. त्यांनी दोन तुकडे खाल्ले."

"घरी न्यायला दिलास का?"