सापेलोचें खारें गवत

अमेरिकेंतील जॉर्जिया संस्थानाच्या किनाऱ्यावर सापेलो नांवाचें बेट आहे. तेथें बोटीनेंच जावें लागतें. चिरंजीवांसमवेत आम्ही पोंचलों तेव्हां ओहोटी होती. नजर जाईल तेथवर खारें गवत, खालीं काळा चिखल, आणि वज्रेश्वरीच्या कुंडांची आठवण व्हावी असा गंधकाचा उग्र दर्प.

खाडीच्या कांठचें गवत पुरुषभर उंच, आंतलें मात्र जेमतेम गुडघ्याएवढें. जात एकच, मग हा भेद कां?

समुद्राच्या पाण्यांत गंधकाचे क्षार असतात. चिखलांत प्राणवायु नसल्यामुळें तेथील सूक्ष्म जंतु या क्षारांवरच श्वसन चालवितात, आणि त्यांतून मुळांस घातक असा वायु निघतो. कांठचें हें विष भरती-ओहोटी दररोज दोनदां धुवून नेते. आंत तें सांचतें.

तरीही तें खुजें गवत जगतें. पोकळ देठांतून तें प्राणवायु मुळांपर्यंत उतरवितें. तेथें वसलेले दुसरे जंतु त्याच्या साह्यानें विषारी वायूचें निर्विष क्षारांत रूपांतर करितात व त्या शक्तीवर स्वतःचें अन्न सिद्ध करितात. हवेंतील नत्र मुळांशीं स्थिर होण्याची क्रियाही गंधकाच्या या व्यवहाराशीं जोडलेली आहे, असें २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत दिसून आलें.

आपले वैद्य गंधक दुधातुपांत शोधून मगच औषधास घेतात. येथें तें शोधन जंतु अहोरात्र करीत असतात. दुर्गंधीस नाक मुरडून अशा चिखलावर भराव घालणारांनीं, किंवा भरतीची वाट बांधानें अडविणारांनीं, एवढें ध्यानीं घ्यावें: या गवताचें विष आणि अन्न एकाच चिखलांत आहे.