मला राग आला

चुलतभावाच्या मुलाची लग्नपत्रिका आली. 'आपले नम्र'खालच्या नावांवरून बोट फिरवत गेलो. आधी वरून खाली, मग खालून वर. धाकट्याचं होतं, माझं नव्हतं. कान तापले. "मी जाणार नाही," म्हणालो. बायको तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बरं. आहेर मी एकटी देऊन येईन."

रागाच्या भरातही व्याकरण सुटत नाही, हा जुना मास्तरकीचा रोग. 'मला राग आला' या वाक्यात आला तो राग. मी आपला 'ला' चिकटवून कडेला बसलेला. भूक लागते, झोप येते, रडू कोसळतं. मला कुणी विचारत नाही. 'मी जाणार नाही' म्हणताना मात्र हा कडेचा उठून पाटावर येऊन बसतो.

मुंबईत खेतवाडीच्या दहाव्या गल्लीत, पोटमाळ्यावर, निसर्गदत्त महाराज याच मराठीत बोलत. मूळचे मारुती कांबळी. विड्यांचं दुकान चालवणारे, स्वतः ओढणारेही. 1933 साली सिद्धरामेश्वर महाराज भेटले. 'मी आहे' एवढी जाणीव धरून राहा, असं त्यांनी सांगितलं आणि या दुकानदाराने गुरूच्या शब्दावर ती धरली. पुढे परदेशी माणसं त्या माळ्यावर दाटीने बसू लागली. 1973 साली मॉरिस फ्रीडमन यांनी तिथल्या संवादांचं इंग्रजी पुस्तक केलं.

मला दुभाष्यांची दया येते. 'मला भीती वाटते'चं इंग्रजी करताना तो 'ला' गळतो आणि भीतीला आयता मालक मिळतो. म्हणून मराठी माणसाला अद्वैत घरबसल्या मिळालंय असं नाही. पत्रिकेवरून भांडावं तर आम्हीच. महाराज तर या व्याकरणाच्याही पुढे जात. 'मी अमक्याचा थोरला' यातला अमका आणि थोरला गाळून 'मी आहे' एवढंच उरवायचं, आणि मग तेही तपासायचं. कारण ती जाणीवसुद्धा न मागता आलेली, भुकेसारखी, अन्नाच्या देहाबरोबर. म्हणजे राग येतो तसा 'मी'ही येतो. मग नाव गळलं ते कुणाचं? इथवर पोचलो आणि झोप लागली.

लग्नाला गेलो. चुलतभाऊ मांडवाच्या दारातच हात जोडून उभा. "दादा, छापखान्याने घोळ केला, तुमचं नाव..."

"छे रे," मी म्हणालो, "माझं लक्षसुद्धा गेलं नव्हतं."

बायकोने पदर तोंडाला लावला.