साहेबाची आगगाडी

इस्टेटीचा वारसा काही सगळ्यांच्याच नशिबी नसतो. माझ्या नशिबी आला तो फडक्यात गुंडाळून आला. नाशिकचं आमचं जुनं घर बिल्डरकडे गेलं, तेव्हा माळ्यावरच्या ट्रंका खाली उतरल्या. थोरल्या चुलतभावानं तांब्याचा बंब उचलला, धाकट्यानं शिसवी पाट नेले. आपण नेमकं कुठं उभं राहिलं म्हणजे कुणाच्या पायात येणार नाही, या विवंचनेत मी उभा होतो. तेवढ्यात आत्यानं एक जडसं पुडकं माझ्या हातात दिलं. "ही तुझ्या बापाची. साहेबाची आगगाडी. जपून ने."

साहेबाच्या आगगाडीची कथा आमच्या घरात सत्यनारायणाच्या कथेच्या खालोखाल सांगितली गेलेली आहे. आजोबा भुसावळला मालधक्क्यावर कारकून. १९४७ साली त्यांचा साहेब विलायतेला निघाला. जाताना त्यानं आजोबांना बोलावून आपल्या मुलाची गाडी त्यांच्या हाती ठेवली आणि म्हणाला, "बाबू, तुझ्यासारखा प्रामाणिक माणूस पाहिला नाही." आजोबांनी ती हापिसाच्या कपाटात ठेवली आणि पुढं माझे वडील नऊ वर्षांचे असताना मुदतीच्या तापातून उठले, तेव्हा बाहेर काढली. मूळ कथा एवढीच. साहेबानं डोळ्याला रुमाल लावल्याचा तपशील काकांच्या कारकिर्दीत आला. माझ्या लग्नाच्या बोलणीत तर काकांचा साहेब हुंदके देऊन रडत होता.

पुडक्यात एक काळं पत्र्याचं इंजिन, दोन वाघिणी आणि वाकलेले चार रूळ निघाले. किल्ली गायब. बायको म्हणाली, "चिंचेनं घासते, लख्ख होईल." चिरंजीवांनी फोटो काढून मोबाईलला विचारलं. मोबाईलनं क्षणभर विचार करून ही कोळशाची इस्त्री असल्याचं जाहीर केलं. खालच्या भंगारवाल्यानं कुणी न विचारता किलोचा भाव सांगितला.

शेवटी ठाण्याचे एक निवृत्त गृहस्थ सापडले. त्यांनी एक अख्खी खोली खेळण्यातल्या गाड्यांना दिलेली. (स्वतः हॉलमध्ये झोपतात.) त्यांनी आधी हातमोजे घातले, मग भिंग काढलं. चिंचेचं नाव काढताच त्यांचा चेहरा असा झाला, की मी बायकोचं नाव लपवलं. असल्या पत्र्यावर रंग हाच दागिना, तो एकदा गेला की उरतो तो डबा, असं त्यांनी बजावलं.

"हॉर्नबी," ते म्हणाले. ज्या फ्रँक हॉर्नबीनं १९०१ साली मेकॅनोचं पेटंट घेतलं, त्यानंच १९२० पासून लिव्हरपूलला या आगगाड्या काढल्या. आपल्या रुळांत १६७६ मिलिमीटरचं अंतर, यांच्यात ३२. तो बिन्स रोडवरचा कारखाना १९७९ साली बंद पडला. गृहस्थांनी हे अशा सुरात सांगितलं, की मला 'फार वाईट झालं' असं म्हणावंच लागलं.

"आणि साल?" मी विचारलं. "१९४७ च्या आधीचीच ना? आमच्या आजोबांना साहेबानं..." मी रुमालापर्यंत आलो होतो.

त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. इंजिनाच्या कुशीवर चाकावर उभा असलेला एक रोडका सिंह होता. "हा ब्रिटिश रेल्वेजचा. तिकडं चार मोठ्या कंपन्या होत्या. त्या सरकारनं ताब्यात घेतल्या १ जानेवारी १९४८ ला. त्याआधी हा सिंह जन्मालाच आलेला नव्हता. आणि हा नंबर वाचा. ८२०११. या नंबराचं खरं इंजिन बांधलंच मुळी १९५२ साली, स्विंडनला. त्याला चाकं दहा. लिव्हरपूलवाल्यांनी काटकसर करून चारांवर भागवलंय. तुमचं खेळणं १९५४ च्या सुमाराचं."

म्हणजे १९४७ साली बोटीत बसलेल्या साहेबानं सात वर्षांनी तयार होणारी गाडी आजोबांच्या हाती दिली होती. साहेबाची दूरदृष्टी ऐकून होतो, पण इतकी!

गृहस्थांनी आपल्याकडची किल्ली लावून पाहिली. इंजिन पाऊण फेरी धावलं, गुरगुरलं आणि थांबलं. मी मात्र तोवर आजोबांपाशी पोचलो होतो. आलेली पाकिटं उलटी करून त्यांतून पत्रं धाडणारा, काडेपेटीतल्या काड्यांवर नजर ठेवणारा माणूस. रेल्वेचा पास काढून मुंबईला गेला, कुठल्याशा दुकानात शिरला आणि विलायती खेळणं घेऊन आला! आणि आजीला काय सांगणार? त्या घरात कोथिंबिरीच्या जुडीचाही हिशेब होई. तेव्हा बिचाऱ्या साहेबाला समुद्रापलीकडून परत बोलावलं. साहेबाची भेट म्हटल्यावर आजी काय बोलणार?

हे आत्याला सांगावं की नाही, यावर मी आठ दिवस काढले. आत्या त्र्याऐंशीची. त्या साहेबावर तिनं तीन पिढ्या पोसल्या. पण पोटात राहीना. सिंह, नंबर, चाकं, सगळं सांगितलं. आत्या जपाची माळ न थांबवता ऐकत होती.

"मग साहेबानं मागाहून पोस्टानं पाठवली असेल," ती म्हणाली.

यावर काय बोलणार? मी नुसताच हसलो. चहा घेतला. उठता उठता सहज विचारलं, "आत्या, बाबा आजारी होते ते साल तुला आठवतं का गं?"

"न आठवायला काय झालं? पंचावन्न साल. तेरा वर्षांची होते मी. वाईट साल रे ते. तुझ्या बापाला ताप, आणि त्यातच नानांची सायकल चोरीला गेली. चांगली रॅले होती. मग रिटायर होईपर्यंत मालधक्क्याला पायीच जायचे. आई म्हणायची, पोलिसांत वर्दी तरी द्या. तर म्हणाले, जाऊ दे, कुणी गरजू असेल."

आणि आत्यानं माळेचा पुढचा मणी ओढला.