दहाव्याला केळी कुणी नेली?

साथीत संपर्क शोधायला गेलेल्या डॉक्टरने "तुम्ही कोणाकोणाला भेटलात?" असं कधी विचारू नये. उत्तर ठरलेलं असतं : "कुणाला बी न्हाई, डॉक्टर. मी घरातच हुतो." हे सांगताना माणूस खोटं बोलत असतोच असं नाही. गावात तो दिवसाकाठी पन्नास जणांशी बोलतो, पण त्यातलं कुणी त्याच्या हिशेबातच नसतं. त्यापेक्षा विचारावं, डेअरीला दूध घालायला कोण गेलं होतं? रांगेत पुढे कोण होतं? दुकानं बंद असताना दाढी कुणी करून दिली? पत्त्यांना चौथा भिडू कोण बसला? अशा प्रश्नांवर माणूस मोकळा होतो. बोलता बोलता नावं येतात आणि आपण ती वहीत उतरवत जातो.

सातारा जिल्ह्याच्या डोंगरी पट्ट्यात, एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी करोनाचा काळ काढला. वैद्यकीय महाविद्यालयात निदान शिकलो होतो, औषधं शिकलो होतो. नावं काढायला कुणी शिकवलं नव्हतं. नियम कागदावर सोपा होता. रुग्णाला लक्षणं दिसण्याच्या दोन दिवस आधीपासून जे कुणी त्याच्या सहा फुटांच्या आत पंधरा मिनिटं तरी होते, ते जवळचे संपर्क. अडचण त्या 'दोन दिवस आधी'त होती. या आजारात खोकला यायच्या आधीच विषाणू घशातून बाहेर पडायला लागतो. म्हणजे रुग्णाला आठवायचे होते ते आजाराचे दिवस सोडून त्याआधीचे, ठणठणीत असतानाचे दिवस. ते कुणाच्या लक्षात राहतात? मग काहीतरी खूण धरून मागे जावं लागे. वळीव आला त्या दिवशी कुठं होता? लाइट गेली तेव्हा घरात कोण बसलं होतं? गाय फळली तो वार कुठला? एकदा वार सापडला की त्या दिवसाची माणसं पाठोपाठ यायची.

आठवण नसणं ही अर्धीच अडचण. उरलेल्या वेळी नाव आठवत असायचं, पण तोंडातून निघायचं नाही. आमच्या भागातली कितीतरी घरं मुंबईच्या माथाडी कामावर चालतात. मे 2020 मध्ये ती माणसं गावी परतू लागली, तेव्हा वेशीवर बाभळीच्या फांद्या आडव्या पडल्या. ज्यांच्या मनीऑर्डरवर देवळाचा कळस चढला होता, त्यांना शाळेच्या वर्गात चौदा दिवस काढावे लागले. मग कुणी रात्री भाजीच्या टेम्पोतून पुतण्याला आणलं, कुणी मुलाला शेतातल्या वस्तीवर ठेवलं. हे मला सांगायचं म्हणजे त्या घराला कुलूप लावून घ्यायचं होतं. दारावर कागद चिकटणार, दूध डेअरीवर कुणी घेणार नाही, खुरपणीला बाई येणार नाही. असं असताना नाव दडवणाऱ्याला अडाणी म्हणणं मला कधी जमलं नाही. त्याचा हिशेब पक्का होता. नाव दिलं तर नुकसान त्याच्या माणसाचं, फायदा कुणा अनोळखी माणसाचा.

हा हिशेब बदलायचा तर आधी नुकसान कमी करायला हवं, हे हळूहळू कळत गेलं. म्हणून नावं विचारायच्या आधी मी सांगायला लागलो की ज्यांची नावं मिळतील त्यांचं पुढे काय होईल. कोण येईल, किती दिवस घरात राहावं लागेल, किराणा कोण देईल. लोकांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असे : "जनावरांची वैरण कोण बघणार?" त्यावर माझ्या पुस्तकांत काही लिहिलेलं नव्हतं. डेअरीच्या सचिवांशी बोलून दूध घरासमोरून उचलायची सोय केली, शेजारच्या आळीतल्या पोरांनी वैरण टाकायचं मान्य केलं, आणि त्या आठवड्यापासून नावं येऊ लागली. साथरोगशास्त्रात वैरणीचा धडा असायला हवा असं मला तेव्हापासून वाटतं.

13 मार्च 2020 ला राज्याने साथरोग कायदा लागू केला, तो 1897 चा. पुण्यातल्या प्लेगच्या वेळी याच कायद्याचा आधार घेऊन घरांच्या झडत्या घेतल्या गेल्या. सोजीर माजघरात शिरले, देवघरापर्यंत गेले, बायकांनाही रस्त्यावर उभं करून तपासलं गेलं. लोकांनी काय केलं? रुग्ण माळ्यावर लपवले, मृत्यू झाकून ठेवले. प्लेग अधिकारी रँडच्या हाती फौज होती, अधिकार होते, विलगीकरणाच्या छावण्या होत्या. फक्त आपणहून कुणी नाव सांगत नव्हतं, आणि त्यावाचून साथ दिसत नाही. 22 जून 1897 च्या रात्री चापेकर बंधूंनी त्याच्यावर गोळी झाडली. त्याच वर्षी, त्याच पुण्याच्या वेशीवर सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांना मुलाच्या, डॉ. यशवंतांच्या दवाखान्यात आणत होत्या. त्या सेवेतच त्यांना लागण झाली आणि 10 मार्चला त्या गेल्या. विलगीकरण दोन्हीकडे होतं. रोग्याला घरातून बाहेर काढायचं, हेही दोन्हीकडे होतं. एकीकडे शिपाई न्यायला येत, दुसरीकडे ओळखीची बाई. दारावर कागद चिकटवायची आमच्या काळातली रीत मला त्या शिपायाच्या जातीची वाटत आली. डिसेंबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला आवर घातला, तोवर गावोगावी व्हायचं ते होऊन गेलं होतं.

आमच्याकडची ओळखीची बाई म्हणजे आशाताई, गावातली आशा स्वयंसेविका. हजार लोकवस्तीमागे एक. एका घरी मी एका म्हाताऱ्यांना विचारत होतो, "तात्या, मागल्या आठवड्यात कुठं दहाव्याला वगैरे गेला होता का?" तात्या म्हणाले, "न्हाई बा." आशाताई उंबऱ्याबाहेर उभ्या होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "अवो तात्या, दहाव्याला केळी तुम्हीच नेली न्हवं का?" तात्या हसले. "व्हय की. इसरलोच." मग त्या दहाव्याची सगळी पंगत वहीत आली. मी दटावून विचारलं असतं तर तात्यांनी जन्मात कबूल केलं नसतं. आशाताई त्यांच्या सुनेच्या बाळंतपणात रात्री जीपमध्ये सोबत बसल्या होत्या, नातवाला डोस त्यांनीच पाजले होते. त्यांच्यापुढे विसरल्याचं नाटक करता येत होतं आणि ते मोडताही येत होतं.

माझ्या वाट्याला उलटी परिस्थिती होती. पीपीई किट घातलं की चेहरा जातो. मार्करने छातीवर नाव लिहायचो, पण म्हाताऱ्या बायांना कुठलं वाचता येतंय! त्या आवाजावरून ओळखत. म्हणून दारात पोचलो की आधी मोठ्याने बोलायचं, मग आत पाऊल टाकायचं. तरण्या पोरांचं वेगळं. घरच्यांसमोर त्यांना विचारून उपयोग नसे. रात्री फोन केला की ती खरं सांगत, कारण काही गाठीभेटी अशा असतात, ज्यांत विषाणूपेक्षा बापाला कळण्याची भीती जास्त. ती नावं माझ्या वहीबाहेर जाणार नाहीत, हे मला पाळावंच लागलं. एकदा जरी ते फुटलं असतं तर त्या आळीने मला पुन्हा काही सांगितलं नसतं.

एप्रिल 2021 मध्ये ही सगळी कारागिरी तोकडी पडली. दुसऱ्या लाटेत रुग्णच इतके झाले की संपर्क शोधायचा कुणाचा आणि कशासाठी? तेव्हा आमच्या हाती ऑक्सिमीटर उरला आणि फोन. बोटाला चिमटा लावायचा, आकडा पाहायचा, सहा मिनिटं चालवायचं, पुन्हा पाहायचा. 94 च्या खाली गेला की हलवायची तयारी. पण 84 आकडा असलेला माणूस समोर बसून चहा पीत असे. "मला दम लागत न्हाई, मशीन बिघडलंय तुमचं." मशीन ठीक असे. धाप लागल्याची जाणीव मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्यावर होते. या आजारात सुरुवातीला तो वायू बाहेर पडत राहतो, फक्त ऑक्सिजन गुपचूप उतरतो. शरीर ओरडतच नाही. ज्याला काही होत नाही अशा माणसाला मी सांगत होतो, घर सोडा आणि तालुक्याला चला. आणि तालुक्याला गेलेला परत येत नाही, हे तोवर सगळ्या वाडीने ठरवून टाकलं होतं.

आकडा दाखवून कुणी उठलं नाही. उठले ते, त्याच वाडीतला बरा होऊन आलेला माणूस फोनवर बोलला म्हणून. "अरं, मी बी तसाच म्हणत हुतो. जा गुमान." माझ्या वैद्यकशास्त्रातलं सगळं त्या दोन वाक्यांत होतं, फक्त ते माझ्या तोंडून चालत नव्हतं. लसीच्या वेळी तेच झालं. केंद्रात लस होती आणि बाक रिकामे होते. माझं भाषण ऐकून फारसं कुणी आलं नाही. पण आशाताईंनी आपल्या सासूला आधी टोचून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सासूबाईंना पारावर बसवलं, तेव्हा रांग लागली.

त्याच आशा जून 2021 मध्ये राज्यभर संपावर गेल्या. करोनाच्या कामासाठी केंद्र सरकारकडून त्यांना महिन्याला 1000 रुपये मिळत होते. त्यांचं काम ठरावीक वेळाचं, ठरावीक पगाराचं धरलेलंच नाही, कामागणिक मोबदला. मला पगार होता, रजा होती, नावामागे पदवी होती. तात्यांनी केळी नेली त्या दहाव्याची पंगत मात्र आशाताईंना माहीत होती.

विश्वास साथ आल्यावर जमवता येत नाही. तो आधी साठवावा लागतो आणि साथीत खर्ची पडतो. साठतो तो बाळंतपणाच्या रात्री, सर्पदंशाच्या औषधासाठी केलेल्या धावपळीत, पोलिओच्या रविवारी, ओपीडीत म्हातारीचं गाऱ्हाणं पूर्ण ऐकून घेताना. म्हणून पुढच्या साथीची तयारी म्हणजे काय, असं कुणी विचारलं की मी ऑक्सिजनच्या प्लांटनंतर लगेच रिकाम्या जागांचं बोलतो. मैदानी भागात तीस हजार आणि डोंगरी भागात वीस हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असं प्रमाण सरकारने ठरवून दिलं आहे. पण तिथली नर्सबाई दर अकरा महिन्यांच्या करारावर असेल, डॉक्टर वर्षात बदलून जात असेल आणि आशाताईंचा मोबदला थकलेला असेल, तर पुढच्या साथीत प्रयोगशाळा विषाणू आठवड्यात ओळखेल आणि तात्या म्हणतील, "मी घरातच हुतो." त्या वेळी त्यांना केळ्यांची आठवण करून देणारं कुणीतरी दाराशी असायला हवं. त्या माणसाची नेमणूक आजच करावी लागेल, आणि त्या माणसाला टिकवावंही लागेल.