वडसा : नाटकं, धान आणि पाच चकरा

झाडीपट्टीची नाटकनगरी बघायला जा. पण तिथल्या बायकांशी दोन शब्द बोललात, तर अंतर मोजायची तुमची पट्टीच बदलून जाईल!

वीकेंडचा प्लॅन ठरताना ऑफिसच्या ग्रुपवर लोणावळा येतं, अलिबाग येतं, फार तर गोवा. वडसा कुणीच सुचवत नाही. नकाशात पार उजवीकडे, वैनगंगेच्या काठी हे गाव आहे. स्टेशनची पाटी म्हणते वडसा, सरकारी कागद म्हणतात देसाईगंज. वर्षानुवर्षं अख्ख्या गडचिरोली जिल्ह्याचं एकमेव रेल्वे स्टेशन हेच. नदी ओलांडली की चंद्रपूर जिल्ह्यातलं ब्रह्मपुरी.

इथली खरी धमाल दिवाळीनंतर. धान घरात आलं की गावोगाव मंडई भरते, लेकी-जावई येतात आणि रात्री नाटक असतं. कंपन्यांची ऑफिसं वडशात, त्यामुळे बुकिंगही इथेच. आपल्याकडे तीन तासांत नाटक आटोपून लोक पार्किंगकडे पळतात. इथे पडदा उघडतो रात्री आणि प्रेक्षक उठतात पहाटे! या रंगभूमीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा कुठे शहरी पेपरांना झाडीपट्टी दिसली.

मीही नाटकासाठीच गेले होते. गोंदियाहून येणाऱ्या गाडीत शेजारी एक मावशी होत्या, मांडीवर डब्याची पिशवी. नणंद नागपूरला भरती होती, तिला भेटून त्या परत निघाल्या होत्या. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर, 'शेक' चालू. आधी कधी तपासणी झाली होती का, मी विचारलं.

"दुखत नव्हतं तं कायले दाखवाचं, बाई? अन् रोवणी टाकून जाचं कसं?"

"आणि तुमची, मावशी?"

"मले काय झालं?" त्या हसल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या.

न दुखणारा आजार

मावशींचं लॉजिक चुकीचं नाही. आजारच तसा आहे. एचपीव्ही या व्हायरसचा संसर्ग बहुतेक बायकांमध्ये आपोआप जातो. काहींमध्ये तो टिकतो आणि त्याचा कॅन्सर व्हायला साधारण दहा-पंधरा वर्षं लागतात. एवढ्या काळात काहीच दुखत नाही. दुखायला लागतं तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. भारतात २०२२ मध्ये या कॅन्सरच्या सुमारे १ लाख २७ हजार नव्या केसेस आणि जवळपास ८० हजार मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, ३० ते ४९ वयोगटातल्या शंभर बायकांमागे दोघींचीसुद्धा ही तपासणी कधी झालेली नव्हती.

बायकांचं हे मुकं दुखणं जगासमोर आलं ते याच जिल्ह्यातून. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या. ९२ टक्के जणींना एक ना एक स्त्रीरोग होता आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हे छापून आलं आणि भलेभले डॉक्टर चमकले.

चकरांचा हिशेब

मग अडतं कुठे? टेस्ट तर साधी आहे. गर्भाशयाच्या तोंडाला पातळ ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमध्ये असतं तेच, लावायचं आणि मिनिटभर थांबायचं. पांढरा डाग उठला तर पुढे तपासायचं. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दीड लाख बायकांचा अभ्यास केला. दहावीपर्यंत शिकलेल्या, खास ट्रेनिंग दिलेल्या बायकांनीच ही टेस्ट केली आणि या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. उस्मानाबाद (आताचं धाराशिव) जिल्ह्यात तर आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही टेस्टने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. २००९ मध्ये तो निकाल जाहीर झाला.

अडतं ते चकरांवर. एक चक्कर टेस्टची, दुसरी रिपोर्टची, तिसरी तुकडा काढायची, चौथी त्याच्या रिपोर्टची, पाचवी उपचाराची. कुरखेडा-कोरचीकडच्या बाईला प्रत्येक चक्कर म्हणजे बुडालेली मजुरी, सोबतीला एक माणूस आणि शेवटची एसटी चुकायची धास्ती. तिसऱ्या चकरेला ती येत नाही, आणि आपण म्हणतो, 'अवेअरनेस नाही.'

आणि एकदा कॅन्सर वाढला की मग नागपूर. साधारण पाच आठवडे जवळपास रोज शेक, जोडीला केमो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत उपचाराचं बिल भागतं, पण रोवणीचा हंगाम कोण भरून देणार?

म्हणूनच आता भर आहे तो एकाच फेरीत टेस्ट आणि उपचार उरकण्यावर. कॅन्सरच्या आधीचा डाग छोट्या गरम उपकरणाने तिथल्या तिथे जाळता येतो. एचपीव्ही टेस्टचा नमुना तर बाईला स्वतःचा स्वतः घेता येतो. त्यामुळे लाजेचा प्रश्न बराच सुटतो. पुढच्या पिढीसाठी लस आहे. पुण्याच्या सिरमची 'सर्व्हाव्हॅक' जानेवारी २०२३ मध्ये आली. ९ ते १४ वयात तिचा फायदा सगळ्यात जास्त.

वडशाला बायका बाजाराला येतात, गाडी पकडायला येतात, नाटकाला तर हमखास येतात. रात्रभर जागणाऱ्या या बायकांना दवाखान्यासाठी मिनिटभर काढणं जड नाही. जड आहे ते पाच वेळा येणं. पाचाची एक चक्कर केली, तर पुढच्या हंगामात एखादी नणंद नागपूरच्या वॉर्डात नाही, मंडईत दिसेल.

जाताय?

कसं : मुंबईहून विदर्भ एक्स्प्रेसने गोंदिया, तिथून बल्लारशाहकडे जाणारी गाडी. नागपूरहून रस्त्याने उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरीमार्गे.

केव्हा : दिवाळी ते होळी. रात्री थंडी कडक, शाल हवीच.

निघण्याआधी : घरात कुणी तिशी ओलांडलेली असेल, आई, ताई किंवा कामाला येणाऱ्या मावशी, तर 'तुमची तपासणी झाली का?' एवढं विचारा. आणि सोबत जा.