बोटांना दिसणारा पांढरा

सुरतेत घरच्या घरी गाडी रंगवायची तर आधी लूम बंद व्हायची वाट पाहावी लागते. आमचं रो-हाऊस गोडादऱ्याला, मागच्या गल्लीत लूमची खाती, म्हणजे यंत्रमागाचे कारखाने. खातं चालू असलं की धाग्याचे बारीक तंतू हवेत तरंगत राहतात. एरवी ते दिसत नाहीत. ओल्या रंगावर बसले की एकेक ठळक दिसतो. म्हणून आम्ही दिवाळीनंतरचे दिवस धरले. तेव्हा कारागीर आपापल्या गावी जातात, कोणी ओडिशाला, कोणी धुळे-नंदुरबारकडे, आणि लाभपाचम, म्हणजे कामं पुन्हा सुरू करायचा मुहूर्त, उलटून गेली तरी बरीच खाती उघडत नाहीत. पावसाचा दमटपणाही ओसरलेला असतो. सुरतेची हवा एवढी स्वच्छ वर्षातून एकदाच मिळते.

गाडी बाबांची, मारुती 800, 2009 ची. 2010 च्या एप्रिलपासून मुंबई, पुणे, सुरत अशा मोठ्या शहरांत धुराचे बीएस-4 नियम लागू झाले आणि 800 चं इंजिन त्या नियमांत बसवलं गेलं नाही, त्यामुळे या शहरांत तिची विक्रीच थांबली. सुरतेत नव्या विकल्या गेलेल्या शेवटच्या काही 800 मधली ही एक. बाबा पांडेसऱ्याच्या प्रोसेस हाऊसमध्ये कलर किचनला होते. साड्यांच्या छपाईचे रंग तोलून, ढवळून, नमुन्याशी जुळवून देण्यात त्यांचा जन्म गेला. निवृत्तीच्या आधी घेतलेली ही पहिली आणि एकुलती एक गाडी. एका पावसाळ्यात मीठी खाडीचं पाणी गल्लीत शिरलं, दरवाज्यांच्या खालच्या कडांना गंज धरला. छत आणि बॉनेट उन्हाने इतकं मेलं होतं की बोट फिरवलं तर पांढरी भुकटी हाताला लागायची. रंगातलं राळेसारखं बांधणारं द्रव्य उन्हातल्या अतिनील किरणांनी तुटतं आणि आतली पांढरी पूड सुटी होते, तीच ही भुकटी. त्यात नोंदणीची पंधरा वर्षंही भरत आली होती. मी ठरवलं की रंग घरीच द्यायचा. मला हे काम शिकायचं होतं, आणि बाबांच्या सोबत शिकायचं होतं.

पहिला प्रश्न रंग कोणत्या जातीचा घ्यायचा. गॅरेजमध्ये आता बहुतेक टू-के रंग मारतात, म्हणजे रंगात हार्डनर मिसळायचा आणि तो रासायनिक क्रियेने घट्ट व्हायचा. चमक उत्तम, टिकाऊपणा उत्तम. पण त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. फवाऱ्याबरोबर ते श्वासात गेले तर कायमचा दमा जडू शकतो, आणि साधा मास्क त्यापुढे काही कामाचा नाही. बाहेरून ताजी हवा पुरवणारा मुखवटा लागतो. वस्तीतल्या घराच्या अंगणात, शेजारी लहान मुलं खेळत असताना हे करणं मला पटलं नाही. म्हणून आम्ही एनसी घेतला, आपले मिस्त्री लोक ज्याला अजून ड्युको म्हणतात तो. हे नाव ड्युपाँट कंपनीचं, 1920 च्या दशकातलं. त्याआधी मोटारीचा रंग वाळायला आठवडे जात. नायट्रोसेल्युलोजचा हा रंग थिनर उडाला की वाळू लागला आणि कारखान्यांचं वेळापत्रकच बदललं. नवशिक्यासाठी त्याचा मोठा गुण असा की कचरा बसला तर वाळल्यावर घासून काढता येतो. मात्र तो आणि त्याचा थिनर दोन्ही भडकन पेटतात. गल्लीतले फटाके पूर्ण थांबेपर्यंत आम्ही डबा उघडला नाही. थिनरच्या वाफेसाठी कोळशाच्या कार्ट्रिजचे मास्क आणले, आणि अंगणात काम चालू असताना स्वयंपाकघराची खिडकी बंद राहील हे आईने पाहिलं.

रंगाचा डबा त्यानंतरही बरेच दिवस कोपऱ्यात पडून होता. ओळखीचे एक पेंटर चाचा आहेत, आयुष्यभर गाड्याच रंगवलेले. ते येऊन गाडीभोवती एक फेरी मारून गेले आणि एवढंच म्हणाले, “पेला घसो, पछी रंग.” आधी घासा. गंजलेल्या कडा तारेच्या ब्रशने आणि ऐंशी नंबरच्या पेपरने उघड्या पत्र्यापर्यंत आणल्या. जिथे पत्रा चाळणी झाला होता तिथे पुट्टी भरून भागत नाही. आतून ओल येते आणि पुट्टी वर्षभरात पापडासारखी सुटते. तेवढे तुकडे वेल्डरकडून जोडून घेतले. उघड्या पत्र्यावर त्याच दिवशी प्रायमर चढवला, कारण सुरतेच्या हवेत घासलेला पत्रा रात्रभर उघडा ठेवला तर सकाळी तांबूस झालेला असतो.

पुट्टीत हार्डनर अगदी थोडा पडतो, वजनाच्या दोन टक्क्यांच्या आसपास, आणि मग हातात काही मिनिटंच राहतात. थोडी थोडी कालवायची, पातळ थरात ओढायची. ही पुट्टी पाणी पिते, म्हणून ती कोरडीच घासायची. वॉटर पेपर पुढे, प्रायमरवर. पेपर नुसत्या बोटांनी धरला तर बोटांच्या रेषा पत्र्यावर उतरतात, त्याला सपाट गुटका हवाच.

आणि इथे बाबांचा हात कामी आला. दरवाजा सपाट झाला असं मला वाटायचं. बाबा तळव्याखाली पातळ कापड घ्यायचे, डोळे मिटायचे आणि हात लांबवर, एका दमात फिरवायचे. “इथे बसलंय. आणि इथे वर आहे.” कापडामुळे कातडीचं घर्षण कमी होतं आणि चढ-उतार स्पष्ट कळतो, हे त्यांना छपाईच्या टेबलावर कापड तपासून ठाऊक होतं. नंतर प्रायमरवर काळ्या रंगाचा विरळ फवारा मारून घासलं, तेव्हा खड्ड्यांत काळं शिल्लक राहिलं, नेमकं त्यांनी दाखवलेल्या जागी. मिलमधल्या माणसाच्या हातातलं हे ज्ञान कुठल्या कागदावर नोंदलं जात नाही, पगारातही ते कधी दिसलं नाही. मला ते पहिल्यांदा या दरवाज्यावर दिसलं, आणि त्याबद्दल वाटलेला अभिमान मी त्यांना तिथेच बोलून दाखवला. ते म्हणाले, “पेपर बदल, झिजलाय.”

पांढरा रंग म्हणजे सोपा, असा माझा समज होता. आरसीवर रंग पांढरा, तो बदलला तर आरटीओत नोंद बदलून घ्यावी लागते, म्हणून तोच ठेवायचा होता. मारुतीच्या त्या पांढऱ्याचं नाव सुपिरिअर व्हाईट. दुकानात सूत्र तयार असतं. पण आमची गाडी पंधरा वर्षं उन्हात राहून त्या सूत्रापासून दूर गेलेली, आणि खांबांच्या आतला जुना रंग आम्ही तसाच ठेवणार होतो. बाबांनी पेट्रोलचं झाकण खोलून बरोबर घेतलं. दुकानदाराने मिसळलेला नमुना ट्यूबलाइटखाली अगदी जुळला. बाबा तो पत्र्याच्या तुकड्यावर वाळवून बाहेर सावलीत घेऊन गेले, आणि तिथे तो निळसर निघाला. दोन रंग एका उजेडात सारखे आणि दुसऱ्यात वेगळे दिसू शकतात, कारण दोघांतली रंगद्रव्यं वेगळी असतात. मिलमध्ये म्हणूनच नमुना वेगवेगळ्या दिव्यांच्या पेटीत धरून पाहतात. पांढऱ्यात पिवळ्याचे आणि काळ्याचे थेंब असतात हे मला त्या दिवशी कळलं. दुकानदारही मनापासून रमला. बाबा “अजून पिवळा, अगदी टोकावर” म्हणायचे आणि तो काडीच्या टोकाने टाकायचा.

फवारणीसाठी गणेश मंडळाचे बांबू आणि प्लॅस्टिकचे कागद घेऊन मांडव घातला, दोन्ही टोकांना हवा खेळती ठेवली. जमिनीवर पाणी शिंपडलं, धूळ बसावी म्हणून. काचांवर गुजराती वर्तमानपत्रं दुहेरी लावली, एकेरी कागदातून थिनर आत झिरपतो. कॉम्प्रेसर भाड्याचा. आपल्याकडच्या हवेत त्याच्या टाकीत पाणी साठतं आणि रंगाबरोबर थेंब उडतात. टाकीचा खालचा नळ दर थोड्या वेळाने सोडावा लागतो, शिवाय नळीवर पाणी अडवणारा फिल्टर.

सकाळी लवकर सुरू करायला चाचांनी मनाई केली होती. थिनर उडताना पत्रा गार पडतो, हवेतली ओल त्यावर धरते आणि रंग धुरकट पांढुरका होतो. पांढऱ्या गाडीवर तो दोष लगेच कळतही नाही, चमक गेल्यावर कळतो. म्हणून ऊन वर आल्यावर बंदूक हातात घ्यायची आणि दिवस कलायच्या आत ठेवायची. बंदूक पत्र्यापासून वीतभर दूर, मनगट न वळवता, पूर्ण हात सरकवत. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढलेला. हात थांबला की ओघळ आला. मी आधी जुन्या पत्र्यावर सराव केला आणि मग छतापासून खाली उतरलो. पातळ थर, मध्ये वाळायला वेळ, पुन्हा थर.

एनसी वाळला असं वाटलं तरी आत थिनर बराच काळ राहतो आणि रंग आकसत जातो. लगेच पॉलिश केलं तर घासकामाच्या रेषा पुढे वर येतात. आम्ही संक्रांत होऊ दिली. मग दोन हजार नंबरच्या पेपरने साबणाच्या पाण्यात घासलं आणि कंपाउंड मारलं. तेव्हा कुठे बॉनेटमध्ये समोरच्या घराची गॅलरी सरळ रेषेत दिसली.

पालच्या आरटीओत गाडी तपासून नोंदणी आणखी पाच वर्षांसाठी वाढवून मिळाली. डावा दरवाजा किंचित पिवळा आहे, असं बाबा अजून म्हणतात. आई, चाचा, शेजारचे काका, कोणालाच ते पटत नाही. मला मात्र सावलीत उभं राहून पाहिलं की आता दिसतं. उरलेला रंग घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवलाय, पुढच्या दिवाळीत खाती बंद झाली की त्या दरवाज्यावर शेवटचा थर पुन्हा द्यायचा आहे.